विजेची किटली आणि पाण्यांतील चुना

ज्या वस्तूंशीं आपला नित्य संबंध येतो, त्यांच्याविषयींच आपणांस बहुधा सर्वांत थोडी माहिती असते. विजेची किटली ही अशांपैकींच एक होय. बटण दाबावें, तीन-चार मिनिटांत पाणी उकळावें, आणि बटण आपोआप वर उडून प्रवाह बंद व्हावा, हें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं त्यांत विचार करण्याजोगें कांहीं असेल असें कोणास वाटत नाहीं. आम्हांसही वाटत नव्हतें. परंतु आमच्या वसतिगृहाच्या आजारी खोलींत एक लहानशी गोष्ट घडली, आणि तिनें आम्हांस आमचें अज्ञान दाखवून दिलें. ती गोष्ट प्रथम सांगून मग मूळ विषयाकडे वळूं.

गेल्या श्रावणांत वसतिगृहांत तापाची सांथ आली व सात-आठ मुलें एकदम अंथरुणास खिळलीं. मेट्रनबाई रात्रीं-अपरात्रीं उठून त्यांस गरम पाणी, पेज, काढा देत असत. ह्या कामीं त्यांचा सारा भरंवसा विजेच्या किटलीवर होता. नेमक्या त्याच दिवसांत किटली अडून बसली. बटण दाबावें, पाणी जेमतेम कोमट व्हावें, आणि खट् असा आवाज होऊन ती बंद पडावी, असें होऊं लागलें. बिचाऱ्या बाईंस भर पावसांत अंगण ओलांडून स्वयंपाकघरांत जावें लागे व तेथें शेगडी पेटवून पाणी तापवावें लागे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं किटली उलटसुलट करून पाहिली, "बिघडली" असा निकाल दिला, आणि ती भंगारवाल्याच्या हवालीं केली. तिच्या जागीं नवी आणली. आठ महिने गेले, आणि नवीही हुबेहूब तसेंच करूं लागली! तेव्हां सातव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें आंत डोकावून विचारिलें, "सर, हिच्या तळाशीं हा पांढरा थर कसला?" ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागल्यावर आम्हांस कळून आलें कीं पहिली किटली बहुधा बिघडलेली नव्हतीच. ती आजारी होती; आणि औषध करण्याऐवजीं आम्हीं तिला घराबाहेर घातलें होतें.

हा पांढरा थर म्हणजे काय, तो पाण्यांत येतो कोठून, तो काढावा कसा, आणि नवी किटली घेणें भागच असेल तर ती कशी पारखावी, ह्या चार प्रश्नांचा विचार पुढें केला आहे.

पावसाचें पाणी आकाशांतून पडतें तेव्हां तें बहुतांशीं शुद्ध असतें. खालीं येतांना तें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायूचा थोडासा अंश शोषून घेतें. जमिनींत मुरतांना, झाडांच्या मुळ्या व सूक्ष्म जंतु ह्यांच्या श्वसनानें तेथें सांठलेला तोच वायु त्यास अधिक प्रमाणांत मिळतो. त्यायोगें पाण्यास किंचित् आम्लता येते. सोडावॉटरच्या बाटलींत जें अम्ल असतें तेंच हें. परंतु इतकें सौम्य कीं जिभेस त्याचा पत्ता लागत नाहीं. तथापि हाताशीं काळ असला म्हणजे तें दगडासही विरघळवितें. चुनखडीचा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, नुसत्या पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं; पण ह्या आम्ल पाण्याच्या संगतीनें त्याचें कॅल्शियम बायकार्बोनेट होतें, व तें सहज विरघळतें. पाणी दिसावयास निर्मळ, पण पोटांत दगड, अशी त्याची स्थिति होते.

येथें कोणी शंका घेईल कीं आमच्या देशावर चुनखडीचे डोंगर आहेत कोठें? येथें तर चहूंकडे काळा कातळ. ही शंका योग्यच आहे. परंतु ज्या बेसाल्ट खडकानें दख्खनचें पठार बनलें आहे, त्याच्या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं दोन्हीं मूलद्रव्यें आहेत, आणि पाणी त्यांस हळूहळू बाहेर काढीत असतें. शिवाय काळ्या जमिनींत नांगराच्या फाळास लागणारे जे पांढरे चुनखडे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत, तेही ह्याच व्यवहाराचे साक्षी होत. यास्तव देशावरील खोल विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा जड असतें. कोंकणांत व गोमंतकांत पाऊस मुबलक, आणि जांभ्या दगडांतील विरघळण्याजोगा चुना केव्हांच वाहून गेलेला. म्हणून तेथील गोड्या विहिरींचें पाणी सामान्यतः हलकें असतें. मुंबई शहरास तानसा, वैतरणा, भातसा इत्यादि तलावांतून सांठविलेलें पावसाचें पाणी मिळतें, आणि तेंही हलकेंच आहे. म्हणून मुंबईच्या मावशीची किटली वर्षानुवर्षें लखलखीत राहते आणि तीच किटली देशावरच्या भाचीकडे सहा महिन्यांत पांढरी होते, यांत भाचीच्या स्वच्छतेचा कांहीं दोष नसतो. आपल्यांपैकीं ज्यांचे आप्त लंडन शहरीं राहतात, त्यांनीं तर ही तक्रार हमखास ऐकिली असेल. कारण त्या शहराच्या आसपासचा प्रदेश खडूच्या टेकड्यांचा आहे, व तेथील पाणी जडपणाविषयीं प्रसिद्धच आहे.

आपल्या आजीबाईंस रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, परंतु जड पाणी त्यांस बरोबर ओळखतां येत असे. ज्या पाण्यांत साबणाचा फेंस होत नाहीं व वर मळकट साय येते, ज्यांत तुरीची डाळ कितीही वेळ ठेविली तरी शिजत नाहीं, आणि ज्यानें न्हाणीघरांतील बंबाच्या आंत खार धरतो, तें पाणी जड, अशी त्यांची कसोटी होती. ही कसोटी अगदीं शास्त्रशुद्ध आहे. कॅल्शियम साबणाशीं संयोग पावून न विरघळणारा साका बनवितें, म्हणून फेंस होत नाहीं. आणि डाळीच्या दाण्यांतील पेक्टिन नांवाच्या चिकट द्रव्यास तें घट्ट करून टाकतें, म्हणून दाणा फुटत नाहीं.

आतां हें विरघळलेलें द्रव्य किटलींत पुनः दगड कसा बनतें तें पाहूं. कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णता सहन करूं शकत नाहीं. पाणी तापूं लागलें म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायु बुडबुड्यांच्या रूपानें निघून जातो. आणि ज्याच्या आधारानें चुना विरघळून राहिला होता तो आधारच गेल्यामुळें कॅल्शियम कार्बोनेट पुनः घनरूपास येऊन भांड्याच्या सर्वांत तप्त भागास, म्हणजे तळास, चिकटतें. उकळल्यानें जो जडपणा असा निघून जातो, त्यास तात्पुरता जडपणा म्हणतात. ज्या पाण्यांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम हें सल्फेट अथवा क्लोराइड ह्यांच्या रूपानें असतें, त्याचा जडपणा केवळ उकळल्यानें जात नाहीं. तो कायमचा जडपणा होय.

हा उलगडा कांहीं आजकालचा नव्हे. जोझेफ ब्लॅक ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत असें दाखविलें होतें कीं चुनखडीच्या पोटांत एक वायु बांधलेला असतो. पुढें १७६७ सालीं हेन्री कॅव्हेंडिश ह्यानें लंडनमधील रॅथबोन प्लेस येथील पंपाच्या पाण्याची परीक्षा केली, आणि पाण्यांतील चुना ह्याच वायूच्या आधारानें विरघळलेला असतो व उकळल्यावर खालीं बसतो, असें सिद्ध केलें. किटलीच्या तळाचा पांढरा थर हा एवढ्या मोठ्या विद्वानाच्या अभ्यासाचा विषय होऊन गेला आहे हें लक्षांत घेतलें, म्हणजे आमच्या सातवींतील विद्यार्थ्याचा प्रश्न किती योग्यतेचा होता हें दिसून येईल.

ही सर्व हकीकत एका परीक्षानळींत डोळ्यांनीं पाहतां येते. पानाच्या डब्यांतील थोडासा चुना बाटलीभर पाण्यांत कालवून रात्रभर स्थिर ठेवावा व सकाळीं वरची निवळी अलगद काढून घ्यावी. (चुना डोळ्यांत जाऊं देऊं नये, व निवळी तोंडांत घेऊं नये.) ही निवळी थोडी पातळ करून प्रयोगशाळेंत तींत कार्बन डायऑक्साइड वायु सोडावा. प्रथम निवळी दुधासारखी पांढरी होते. ही चुनखडी तयार झाली. वायु तसाच सोडीत राहिल्यास थोड्या वेळानें ती पुनः स्वच्छ होते. हें विहिरीचें जड पाणी झालें. आतां नळी दिव्यावर धरून तापवावी. पाणी पुनः गढूळ होतें, व ही आपली किटली झाली. डोंगर, विहीर आणि स्वयंपाकघर हे तिन्ही पांच मिनिटांत एका नळींतून आपल्यासमोर येऊन जातात. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीं अवश्य करावा.

पालकांच्या मनांत येथें एक भीति उत्पन्न होणें साहजिक आहे. किटलीस जर इतका थर धरतो, तर हें पाणी पिणाऱ्या मुलांच्या पोटांत काय होत असेल? त्यांस मुतखडा तर होणार नाहीं ना? ह्या बाबतींत धीर देण्याजोगी गोष्ट अशी कीं, केवळ जडपणामुळें मनुष्याच्या प्रकृतीस अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा जागतिक आरोग्य संघटनेस आढळलेला नाहीं. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात व ते बनण्याची क्रिया किटलीच्या थराहून निराळी आहे. पुरेसें पाणी न पिणें हें त्याचें एक मोठें कारण मानलें जातें. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या मानकांत पिण्याच्या पाण्याच्या जडपणाची इष्ट मर्यादा लिटरास २०० मिलिग्रॅम ठरविलेली असून, दुसरा पाणवठा नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिलेली आहे. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फ्लोराइड, नायट्रेट यांसारखे खरोखर अपायकारक पदार्थ उकळल्यानें जात नाहींत. उलट पाणी आटल्यामुळें त्यांचें प्रमाण किंचित् वाढतें. म्हणून बोअरचें पाणी नित्य पिण्यांत असेल, तर तें एकदां प्रयोगशाळेंतून तपासून घेणें हेंच शहाणपणाचें होय.

थर प्रकृतीस घातक नसला तरी किटलीस मात्र तो घातक आहे. ह्याचें कारण समजण्यास किटलीची रचना पाहिली पाहिजे. आजच्या किटलीच्या तळपत्र्याखालीं तापणारी तार बसविलेली असते, आणि किटलीवर दोन पहारेकरी नेमलेले असतात. हे दोघेही एकाच तत्त्वावर काम करतात. निरनिराळ्या मानानें प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पातळ पट्ट्या एकमेकींस जोडल्या, तर तापल्यावर एक अधिक वाढते व दुसरी कमी. त्यामुळें जोडपट्टी वांकते. ह्या वांकण्यानेंच बटण उडविलें जातें. पहिला पहारेकरी वाफेच्या वाटेवर बसलेला असतो. पाणी उकळून वाफेचा झोत त्याच्यापर्यंत पोंचला कीं तो प्रवाह तोडतो. म्हणूनच झांकण उघडें राहिल्यास किटली आपोआप बंद होत नाहीं, कारण वाफ भलत्याच वाटेनें निघून जाते. आणि म्हणूनच महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं, जेथें पाणी १०० अंशांऐवजीं ९५-९६ अंशांवरच उकळतें, तेथेंही तीच किटली बिनतक्रार बंद होते. कारण ती अंश मोजीत नसून वाफेची वाट पाहत असते.

दुसरा पहारेकरी तळाशीं असतो. किटलींत पाणी नसतांना चुकून बटण दाबलें गेलें, तर तळ भलताच तापतो. अशा वेळीं हा पहारेकरी प्रवाह तोडून आग टाळतो. आतां थराचा खेळ पाहा. चुन्याच्या थरांतून उष्णता पोलादाच्या मानानें फारच सावकाश जाते. त्यामुळें वर पाणी असूनही तळाचा पत्रा अतोनात तापतो. आणि दुसऱ्या पहारेकऱ्यास वाटतें कीं किटलींत पाणीच नाहीं. तो इमानें इतबारें प्रवाह तोडतो, व पाणी कोमटच राहतें. आमच्या दोन्ही किटल्यांच्या दुखण्याचें निदान हेंच होतें. पहारेकरी चुकला नव्हता. त्यास खोटी बातमी मिळत होती.

थरामुळें वीज फार वाया जाते असा एक समज आहे. परंतु तो तितकासा खरा नाहीं. तारेंत निर्माण झालेली उष्णता थोडा अधिक वेळ घेऊन का होईना, बहुतेक पाण्यांतच जाते. खरी हानि विजेची नसून तारेची आहे. सतत अतितप्त राहिल्यामुळें ती लवकर जळते. वीज वाया जाते ती निराळ्याच संवयीनें. एका पेल्याच्या चहासाठीं दीड लिटर पाणी उकळणारा मनुष्य जरुरीपेक्षां दहापट वीज जाळीत असतो. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ३१५ किलोजूल, म्हणजे युनिटाचा अकरावा-बारावा हिस्सा, वीज लागते; ह्यावरून प्रत्येकानें आपला हिशेब करून पाहावा.

आतां औषधाकडे वळूं. चुन्यावर उपाय म्हणजे अम्ल. लिंबाचें सत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, किराणा मालाच्या दुकानीं सहज मिळतें. किटली थंड असतां तींत थर बुडेल इतकें पाणी घ्यावें, तें चांगलें गरम होईपर्यंत तापवावें, व प्रवाह तोडून, तारेचा खटका काढून, लिटरास सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, ह्या प्रमाणांत लिंबाचें सत्त्व हळूहळू टाकावें. लागलीच बुडबुडे येऊं लागतात. हा तोच वायु, जो खडकांत बांधला गेला होता. तो आतां मोकळा होतो. अर्धा-पाऊण तास तसेंच ठेवून पाणी ओतून द्यावें, दोन-तीन वेळां खळबळून धुवावें, आणि एकदां साधें पाणी उकळून तेंही टाकून द्यावें. सत्त्व घातल्यावर मात्र पाणी उकळूं नये. कारण अम्लापासून होणारें कॅल्शियम सायट्रेट उष्ण पाण्यांत कमी विरघळतें, व एक थर काढतां काढतां दुसराच बसण्याचा संभव असतो. सत्त्व न मिळाल्यास सिरका निम्म्यास निम्मा पाणी घालून वापरावा. काम होतें, पण वास कांहीं काळ राहतो.

किती अम्ल किती थर काढील ह्याचेंही गणित आहे. २५ ग्रॅम लिंबाचें सत्त्व सुमारें १९ ग्रॅम चुना विरघळवितें. आमच्या विहिरीच्या पाण्यांत लिटरामागें ३०० मिलिग्रॅम तात्पुरता जडपणा आहे असें धरलें, व आजारी खोलींत दिवसास सहा लिटर पाणी उकळतें असें मानलें, तर दररोज १,८०० मिलिग्रॅम चुना किटलींत शिरतो. त्याचा चौथा हिस्सा जरी चिकटून राहिला, तरी आठ महिन्यांत शंभर ग्रॅमांहून अधिक भरतो. म्हणून जुनाट थर एका दमांत निघाला नाहीं तर निराश होऊं नये. आमच्या किटलीस चार पाळ्या लागल्या. त्यांत कांहीं थर विरघळला व कांहीं पापुद्रे होऊन सुटून आला. महिन्यांतून एकदां अर्धा तास दिला असता, तर हा एवढा खटाटोप करावाच लागला नसता.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. सुरी, तारेची घासणी किंवा वाळू ह्यांनीं थर खरवडूं नये. पत्र्यास ओरखडे पडतात, व पुढचा थर त्या ओरखड्यांतच घट्ट रुजतो. न्हाणीघराच्या फरशीसाठीं जें तीव्र अॅसिड विकतात तें किटलींत कधींही घालूं नये. तें विषारी तर आहेच, शिवाय गंज न चढणाऱ्या पोलादासही तें खातें. अम्ल आणि कपड्यांचे डाग काढण्याचें ब्लीच हीं एकत्र करूं नयेत. त्यांपासून क्लोरिन वायु निघतो, व तो जीवघेणा आहे. अॅल्युमिनियमच्या भांड्यांत अम्ल फार वेळ ठेवूं नये. आणि किटली बाहेरून धुण्यासाठीं ती पाण्यांत बुडवूं नये. तिच्या बुडाशीं विजेचे सांधे आहेत.

थर धरूंच नये ह्यासाठीं उपाय सोपे आहेत. जरुरीपुरतेंच पाणी भरावें. उरलेलें पाणी रात्रभर किटलींत ठेवूं नये. शिळ्या पाण्यावर पुनः पुनः नवें पाणी ओतून उकळीत राहूं नये. पावसाचें स्वच्छ सांठविलेलें किंवा नळाचें हलकें पाणी मिळत असेल, तर किटलीसाठीं तेंच वापरावें. लेखाच्या ओघांत एक मौजेची गोष्ट सांगावयाची म्हणजे, १८४१ सालीं ॲबर्डीन येथील प्राध्यापक टॉमस क्लार्क ह्यांनीं जड पाणी हलकें करण्याची जी युक्ति काढिली, तींत पाण्यांत चुन्याचीच निवळी मिसळावयाची असते! नवा चुना पाण्यांतील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, व त्यासरशीं नवा आणि जुना असे दोन्ही चुने तळाशीं बसतात. कांट्यानें कांटा काढण्याचें याहून सुरेख उदाहरण क्वचितच आढळेल. ही युक्ति मोठमोठ्या जलशुद्धिकेंद्रांसाठीं आहे. घरीं ती करूं नये.

इतकें करूनही किटली खरोखरच निकामी झाली, किंवा घरांत प्रथमच घ्यावयाची असली, तर दुकानांत जाण्यापूर्वीं भिंतीवरील सॉकेट पाहावें, असा आमचा सल्ला आहे. आपल्याकडे तीन छिद्रांचीं सॉकेटें दोन मापांचीं असतात. लहान ६ अँपियरचें व मोठें १६ अँपियरचें. १,५०० वॅटची किटली २३० व्होल्टच्या दाबावर सुमारें साडेसहा अँपियर प्रवाह ओढते. म्हणजे ती लहान सॉकेटाच्या मर्यादेबाहेर जाते. लांकडी फळीवर एकापुढें एक जोडलेल्या सॉकेटांवर अशी किटली लावणें म्हणजे आग लागण्यास आमंत्रणच होय. कॉलेजांत जाणाऱ्या मुलांस वसतिगृहासाठीं किटली घेऊन देणाऱ्या पालकांनीं हा एकच मुद्दा लक्षांत ठेविला, तरी ह्या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. मोठें सॉकेट नसेल, तर कमी वॅटची लहान किटली घ्यावी. दोन मिनिटें अधिक लागतील, इतकेंच.

त्यानंतर आंतील बाजू पाहावी. जिच्यांत तार उघडी वेटोळें घालून बसलेली असते, तिच्या फटींतून थर काढणें जिकिरीचें जातें. सपाट तळाची, तार खालीं दडविलेली किटली स्वच्छ करण्यास सोयीची. तोंड इतकें रुंद असावें कीं हात आंत जावा. कांचेच्या किटलींत थर बाहेरूनच दिसतो, म्हणून आळशी मनुष्यास ती चांगली. पण मुलांच्या वसतिगृहांत कांच टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं. पोलादी किटली टिकाऊ खरी, परंतु एकेरी पत्र्याची असली तर बाहेरून चटका बसतो. दुहेरी भिंतीची थोडी महाग पडते, पण लहान मुलें असलेल्या घरांत तो पैसा वाया जात नाहीं. पाण्याची पातळी बाहेरून दिसावी. पाणी उकळल्यावर व पाणी नसतांना, अशा दोन्ही प्रसंगीं ती आपोआप बंद होते ना, हें विचारून घ्यावें. आय.एस.आय. चिन्ह पाहावें. १९४७ सालीं स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. संस्थेचें नांव पुढें बदललें, पण चिन्ह राहिलें. शेवटीं, दुरुस्ती आपल्याच गांवीं होते कीं नाहीं हें विचारावें. ज्या वस्तूची दुरुस्ती जवळपास होत नाहीं, ती स्वस्त मिळाली तरी महाग पडते.

एक इशारा पालकांसाठीं निराळा द्यावासा वाटतो. किटलीची लोंबती तार लहान मूल हटकून ओढतें, व लिटरभर उकळतें पाणी त्याच्या अंगावर येतें. किटली ओट्याच्या मागच्या बाजूस, भिंतीलगत असावी व तार गुंडाळून आखूड केलेली असावी. दुर्दैवानें भाजलेंच, तर त्या जागेवर वाहतें थंड पाणी वीस मिनिटें सोडावें. बर्फ, तूप, हळद किंवा दांतांची पेस्ट लावूं नये. अंगठ्या, बांगड्या व सैल कपडे लागलीच काढावे, पण कातडीस चिकटलेलें कापड ओढूं नये. आणि मुलास डॉक्टरांकडे न्यावें.

आमच्या किटलीची हकीकत पुरी करून लेख संपवितों. चवथ्या पाळीनंतर तिचा तळ पहिल्या दिवसासारखा चमकूं लागला, आणि पाणी खळखळून उकळेपर्यंत ती एकदांही अडली नाहीं. मेट्रनबाईंनीं तें पाणी पाहून काय म्हटलें तें येथें लिहीत नाहीं. पण पहिल्या किटलीची आठवण काढून त्यांनीं आमच्याकडे जें पाहिलें, तें आम्ही पुष्कळ दिवस विसरणार नाहीं. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याकडे आतां किटलीचें काम सोंपविलें आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं तो लिंबाच्या सत्त्वाची पुडी घेऊन येतो, बुडबुडे मोजीत बसतो, व वहींत तारीख लिहितो.

मोडलेली वस्तू आणि दुर्लक्षिलेली वस्तू ह्या दोहोंत फार मोठें अंतर असतें, परंतु बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. टाकून देण्यापूर्वीं एकदां आंत डोकावून पाहण्याचे श्रम आम्हीं घेतले नाहींत, म्हणून वसतिगृहाचे पैसे गेले व एका बाईंस पावसांत भिजावें लागलें. आमच्या वाचकांनीं तरी तसें करूं नये, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.